सासऱ्यांची तबकडी आणि आमचा लाकडी मजला

रेकॉर्ड प्लेअर आणला, तबकडी ठेवली, सुई टेकवली की गाणं लागतं, असं सांगणाऱ्या माणसाला मी आधी त्याच्या घराचा मजला कसला आहे ते विचारतो. तो हमखास काँक्रीटचा निघतो. काँक्रीटवाल्यांनी लाकडी मजल्यावर राहणाऱ्यांना शहाणपण शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. गोथेनबर्गच्या मायोर्ना भागात, जिथे तळमजला विटांचा आणि वरचे दोन लाकडाचे, तिथे हे मत सगळ्यांना पटतं. आमच्या घरात कोणी शिंकलं तरी कपाटातल्या बशा एकमेकींना सांगतात.

मी हिल्डिंग ब्राटबेर्ग. निवृत्त होईपर्यंत नगरपालिकेच्या पार्किंग खात्यात होतो. दंडाविरुद्ध लोक ज्या तक्रारी करायचे, त्या फेटाळणं हे माझं काम. हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्यासारख्या नियमाच्या माणसाला जे सोसावं लागलं ते वाचकांनी त्या पार्श्वभूमीवर वाचावं.

निवृत्तीनंतर माणसाला छंद हवा म्हणतात. मी रेकॉर्ड प्लेअर घेतला. साधासुधा नव्हे. त्याचा सुईचा दांडा इतका हलका की दुकानदार त्याच्याजवळ बोलताना तोंड बाजूला करत होता. घरी आणल्यावर मोठमोठ्या वाद्यवृंदांच्या तबकड्या लावल्या. त्या सगळ्या शहाण्यासारख्या वाजल्या, मीही खुर्चीत शहाण्यासारखा डोळे मिटून बसलो. मग माझ्या बायकोनं, मायवोरनं, कपाटाच्या तळातून तिच्या वडिलांची तबकडी काढली.

माझे सासरे एस्किल दिवसा बंदरावर माल उतरवायचे आणि शनिवारी नाचाच्या बागांमध्ये अॅकॉर्डियन वाजवायचे. आयुष्यात त्यांनी एकच तबकडी काढली. त्यात एका बाजूला शॉटिस नाचाची धून आहे, मायवोर चार वर्षांची असताना तिच्या नावानं बांधलेली. त्या तबकडीची दुसरी प्रत आता कोणाकडेही नाही. मायवोरच्या आईकडे एक सुटकेसमधला जुना ग्रामोफोन होता, त्यावर ही तबकडी मायवोरच्या लहानपणी वाजायची. मग तो ग्रामोफोन बिघडला, आणि तबकडी कपाटात गेली ती गेलीच.

"धून संपल्यावर शेवटी बाबा काहीतरी बोलतात," मायवोर म्हणाली.

"काय बोलतात?"

"तेच तर आठवत नाही रे. पण बोलतात. त्यांचा आवाज मी तेव्हापासून ऐकलाच नाही."

मायवोर दातांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. लोकांचं रडणं रोज पाहणारी बाई, सहसा तिचा आवाज बदलत नाही. त्या वेळी बदलला. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मार्चमध्ये तुझी साठी आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर ही तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवीन. शब्द दिला." हे मी एकट्यात बोललो असतो तर निभावलं असतं. पण तेव्हा वरच्या मजल्यावरचा फोल्के आमच्याकडे कॉफीला आला होता. फोल्केला सांगितलेली गोष्ट सबंध जिन्याला सांगितल्यासारखी असते.

त्याच संध्याकाळी तबकडी लावली. धून सुरू झाली, छान चालली, शेवटाकडे सासऱ्यांनी वेग वाढवला, आणि सुई टुणकन उडाली ती थेट शेवटच्या मोकळ्या चरात. खर्र, खर्र. बाबा बोललेच नाहीत. दुसऱ्यांदा लावली. त्याच जागी तसंच. शिवाय पहिल्यापासून मागे एक बारीक 'धप्, धप्' येत होतं, कोणी भिंतीपलीकडे गादी झोडतंय तसं.

मायवोर म्हणाली, "आता पुरे. ओरखडा पडेल."

टागेला बोलावणं भाग होतं. टागे आमच्या श्रवणमंडळाचा संस्थापक. त्याच्या घरी वायरी मनगटाएवढ्या जाड आहेत आणि बायको नाही. तो आला, बूट काढले, मोज्यांवर खोलीभर फिरला, जमिनीला कान लावला आणि बराच वेळ तसाच पडून राहिला. मायवोरनं त्याच्यावरून पाय टाकून कॉफी आणली.

"हिल्डिंग, तुझा मजला संगीतात भाग घेतोय," तो उठून म्हणाला.

"म्हणजे?"

"अनुनाद. ते धप् धप् ऐकलंस? तो तुझा मजला आहे. तुळया ताणलेल्या, त्यावर फळ्या, खाली पोकळी. तू अॅकॉर्डियनवर रेकॉर्ड प्लेअर ठेवलायस, अॅकॉर्डियनवर!"

"मग दुसऱ्या तबकड्यांवर का नाही ऐकू येत?"

"दुसऱ्या तबकड्यांत ते लपतं," टागे म्हणाला. या उत्तरावर बोलायला जागा नव्हती. चांगल्या तज्ज्ञाची उत्तरं अशीच असतात, आमच्या खात्यातही असायची.

मायवोरनं त्याच वेळी एक सूचना केली होती, ती इथे नमूद करतो, कारण ती नंतर मला बऱ्याचदा ऐकवली गेली. ती म्हणाली, "टागेकडे काँक्रीट आहे ना? मग त्याच्याकडे जाऊन ऐकू या." माझ्या सासऱ्यांची तबकडी, माझ्या बायकोची साठी, आणि मी माझी पाहुणेमंडळी घेऊन ट्रामनं दुसऱ्या माणसाच्या घरी जायचं! मी तिच्याकडे फक्त पाहिलं. तिनंही माझ्याकडे फक्त पाहिलं, आणि कप विसळायला घेतले.

टागेनं आधी टेनिसचे चेंडू सांगितले. चार चेंडू, त्यावर फळी, फळीवर रेकॉर्ड प्लेअर. थरथर चेंडूत मुरते म्हणे. मुरली असेलही, पण तबकडी फिरायला लागली की सगळा डोलारा जहाजासारखा हेलकावे खायचा, आणि ते बघताना मायवोरला मळमळायला लागलं. मग वाळू. लाकडी खोका, त्यात बारीक धुतलेली वाळू, वाळूवर फळी तरंगती. हे खरोखर छान जमलं होतं. मी अख्खा दिवस वाळू चाळून, सपाट करून, वर ओलं फडकं घालून ठेवली आणि फळी कापून आणायला गेलो. परत येतो तो खोक्यात फोल्केचं मांजर बसलेलं, चेहऱ्यावर एकाग्रता. दार मीच उघडं ठेवलं होतं. फोल्के मांजर न्यायला आला तेव्हा त्यानं खोक्यात वाकून पाहिलं आणि समाधानानं म्हणाला, "वाळू चांगली आहे बरं का. एरवी मांजर इतक्या पटकन कुठे जात नाही."

"फोल्के, ती रेकॉर्ड प्लेअरची वाळू होती."

"असं? मग दगड घे की. दगडात मांजर काही करू शकत नाही."

मला राग आला होता, पण दगडाची कल्पना टागेलाही पसंत पडली. जड वस्तू हलत नाही, असं त्याचं म्हणणं. ग्रॅनाइटची जाड, गुळगुळीत, मोठी लादी हवी होती. अशी लादी आमच्या शहरात एकच धंदा ठेवतो. दफनभूमीजवळच्या दगडकामवाल्याकडे मी गेलो, तर त्यानं मागच्या अंगणातला एक थडग्याचा दगड दाखवला. कोण्या एलोफ नावाच्या गृहस्थाचा. कोरताना साल चुकलं होतं, त्यामुळे दगडानुसार एलोफ जन्माआधीच वारला होता. घरच्यांनी अर्थातच तो नाकारला. मला तो बघताक्षणी आवडला. एकच अडचण होती, मागची बाजू खडबडीत आणि कोरलेली बाजू तेवढी आरशासारखी सपाट. म्हणजे एलोफला वरच ठेवावं लागणार होतं.

दोन माणसांनी तो जिन्यानं वर आणला. जिन्यात सगळ्यांची दारं एकेक बोट उघडली आणि मिटली. कोणी काही विचारलं नाही. आमच्याकडे कोणी कधी काही विचारत नाही, विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर पांढऱ्या फुलांची कुंडी होती. संध्याकाळी आणखी एक. आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष यव्होन हॅर्डेलिन मला आवारात भेटल्या, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि "काही लागलं तर..." एवढंच म्हणून निघून गेल्या. मला वाटलं, कंपाच्या प्रश्नाची लोकांना किती जाण आहे! त्या आठवड्यात मायवोर दवाखान्याच्या दुसऱ्या शाखेत गेली होती, पहाटे जायची, उशिरा यायची, त्यामुळे कोणाला दिसली नव्हती. शनिवारी ती कचरा टाकायला खाली उतरली, तेव्हा समोरून येणाऱ्या फोल्केच्या हातून दुधाची पिशवीच पडली. दगड त्यानंच सुचवला होता, पण थडग्याचा नव्हे.

"अगं, तू आहेस?" तो म्हणाला.

"मी कुठे जाणार?" मायवोर म्हणाली. मग तिला कुंड्यांचा उलगडा झाला. ती वर आली आणि पानं घेतली. जेवताना फक्त म्हणाली, "एलोफला मीठ देऊ का?"

आता एलोफचा परिणाम सांगतो. धप् धप् पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागलं. सुई त्याच जागी उडायची ती उडालीच. आणि दगडाच्या वजनानं मजला एवढा खचला की बैठकीच्या खोलीचं दार लागेना. टागे म्हणाला, "हं. मग हे मजल्याचं काम नाहीच. भिंतीवर फळी ठोक. भिंत चालत नाही, भिंत नाचत नाही."

हे त्यानं आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. मी सरळ सोसायटीकडे परवानगी मागितली, कारण आमची भिंत जुन्या संरक्षित इमारतीची, आणि नियमाच्या माणसानं भोकसुद्धा नियमानं पाडावं. कार्यकारिणीची बैठक दालचिनीच्या बनपावांसह झाली. यव्होन म्हणाल्या, "व्यक्तिशः माझी काही हरकत नाही." आमच्याकडे अध्यक्षांनी असं म्हटलं की विषय संपला समजावं. मग प्रत्येकानं व्यक्तिशः हरकत नसल्याचं सांगितलं. एकानं विचारलं, उद्या सगळ्यांनीच भिंतीवर रेकॉर्ड प्लेअर लावले तर? दुसऱ्यानं विचारलं, भिंतीपलीकडच्या बाईंना काय वाटेल? भिंतीपलीकडच्या बाई तिथेच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या त्यांना काही वाटत नाही, पण वाटू शकेल अशा कोणाचा तरी विचार व्हायला हवा. उन्हाळ्यानंतर पुन्हा चर्चा करावी, यावर इतकं मनापासून एकमत झालं की मीही हात वर केला. सवय!

साठी तोंडावर आली. वर कोळंबी लावलेल्या, पावाच्या खाऱ्या केकची ऑर्डर देऊन झाली होती. आणि एका दुपारी मी हताशपणे खुर्चीत बसलेलो असताना टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरू लागलं. पाण्यावर गोल गोल वर्तुळं! मी जमिनीला हात लावला. खालून घरघर येत होती. आमच्या थेट खाली, तळमजल्यावर, सोसायटीचं धुलाईघर आहे. कोणाचे तरी कपडे पिळून निघत होते. मी इतके दिवस मजल्यावर संशय घेत होतो आणि चोर त्याच्या खाली होता.

इथे मला एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. धुलाईघराबाहेर एक फळा आहे, त्यावर वार आणि वेळा, प्रत्येक वेळेला एक भोक. प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. आपलं कुलूप ज्या भोकात, ती वेळ आपली. इथली माणसं घटस्फोट घेतात, चर्च सोडतात, पण दुसऱ्याच्या कुलपाला हात लावत नाहीत. आणि या धुलाईघराची जबाबदारी सोसायटीनं माझ्यावर सोपवलेली. दारावर पाटी मीच लावली होती : 'वेळ घेऊन न धुणे ही शेजाऱ्यांच्या वेळेची चोरी आहे.' 'चोरी'खाली दोन रेघा मीच मारल्या होत्या.

तर मी वेळ घेतली आणि धुतलं नाही.

पहिल्यांदा प्रयोग म्हणून. मंगळवारी दुपारी कुलूप लावलं, वर आलो, तबकडी लावली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. कोणी आत शिरतंय का, यावर श्वास रोखून पहारा. सासऱ्यांनी वेग वाढवला, ती घातकी जागा आली, आणि सुई गेली! पुढे गेली, न उडता, लोण्यातून गेल्यासारखी. मी धावत जाऊन दांडा उचलला. शेवट पहिल्यांदा मायवोरनंच ऐकायचा, एवढं सौजन्य माझ्यात आहे. पण मला आनंदानं रडू आलं, हे खरं आहे.

बस, ठरलं. साठीच्या दिवशी दुपारची वेळ कुलूपबंद करायची. पण आमचं कुलूप तर मंगळवारी वापरून झालं होतं आणि एका घराला आठवड्यात एकच वेळ. हा नियमही माझाच. फोल्के त्या आठवड्यात बहिणीकडे गेला होता आणि मांजराला खायला घालायला त्याची किल्ली माझ्याकडे होती. त्याचं कुलूप दारामागच्या खिळ्याला लटकत होतं. मांजरानं मला ते घेताना पाहिलं. मी त्याला म्हणालो, "वाळूची फिटंफाट." मग फोल्केच्या नावावर आधी साठीच्या आदल्या दिवशीची वेळ लावली, तालमीसाठी, आणि ती झाली की तेच कुलूप नियम मोडून साठीच्या वेळेवर सरकवायचं ठरवलं.

तालमीच्या दिवशी मी वर सुई पुसत होतो आणि खिडकीतून दिसलं, यव्होन धुलाईघराकडे निघाल्यात. त्या कधी विनाकारण कुठे जात नाहीत. कपाट उघडलं, हाताला लागल्या त्या चादरी छातीशी धरल्या आणि मोज्यांवरच जिना उतरलो. पोचलो तेव्हा यव्होन एका मशीनवर तळवा ठेवून उभ्या होत्या, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"थंड आहे," त्या म्हणाल्या.

"आत्ता लावणारच होतो."

"वेळ फोल्केची आहे."

"फोल्केचंच धुणार आहे. तो गावाला गेलाय ना, म्हटलं..." मी चादरी मशीनमध्ये कोंबू लागलो. यव्होननी एक कोपरा दोन बोटांत धरला.

"हिल्डिंग, या इस्त्री केलेल्या आहेत."

त्या कोपऱ्यावर मायवोरनं भरलेलं 'मा' अक्षरही होतं. मी पाटीकडे पाहिलं. यव्होननीही पाटीकडे पाहिलं. आम्ही दोघंही त्या दोन रेघांकडे बराच वेळ पाहत राहिलो. आयुष्यभर मी लोकांच्या सबबी फेटाळल्या. 'मी फक्त पाचच मिनिटं गाडी लावली होती' म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा आतून कसा असतो ते मला त्या क्षणी कळलं.

त्याच संध्याकाळी तातडीची बैठक झाली. कोणी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "आम्ही रागावलेलो नाही, हिल्डिंग," यव्होन म्हणाल्या, "आम्ही फक्त विचारात पडलोय." माझं कुलूप जप्त झालं. सेंट जॉनच्या उन्हाळी सणापर्यंत आम्ही कपडे कुठे धुवायचे ते आमचं आम्ही बघायचं. धुलाईघराची जबाबदारी बहिणीकडून नुकत्याच परतलेल्या फोल्केकडे गेली. फोल्केनं पाटी तीच ठेवली, फक्त तिसरी रेघ मारली.

घरी आल्यावर मायवोर म्हणाली, "एवढं सगळं बाबांच्या तबकडीसाठी केलंस?"

"हो."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "पण कपडे ट्रामनं तूच घेऊन जायचे."

साठीच्या दिवशी मात्र फोल्के मोठ्या मनानं वागला. नव्या अधिकारात त्यानं एका तासासाठी धुलाईघर बंद ठेवलं. सगळे आले. यव्होन आल्या, टागे आला, मायवोरच्या दवाखान्यातल्या बायका आल्या. बूट दाराशी, सगळे मोज्यांवर. केक झाला, शुभेच्छा झाल्या, इथल्या रीतीप्रमाणे चार वेळा जयजयकार झाला. मग टागेनं सगळ्यांना बसवलं आणि कोणी हलायचं नाही म्हणून ताकीद दिली. मी मधल्या खुर्चीत बसलो, मानाच्या. मायवोर समोरच्या सोफ्यावर, पाय पोटाशी घेऊन. एलोफवर तबकडी फिरू लागली.

धून निघाली. इतकी सुंदर की मी सगळे अपमान विसरलो. धप्, धप्, अॅकॉर्डियन, धप्, धप्. सासऱ्यांनी वेग वाढवला. आणि टुणकन. खर्र, खर्र.

मायवोरचा चेहरा मी बघू शकलो नाही. मी टागेकडे पाहिलं, टागे तुळयांकडे. "खाली कोणी धुतंय का?" मी ओरडलो.

"किल्ली माझ्या खिशात आहे," फोल्के म्हणाला.

मग मायवोर शांतपणे म्हणाली, "हिल्डिंग, तुझा पाय."

"काय झालं माझ्या पायाला?"

"आत्तासुद्धा हलतोय."

सगळ्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. माझा उजवा पाय, निळ्या मोज्यातला, संगीत थांबलं तरी अजून फळीवर आपटत होता. अगदी ठेक्यात.

"तो कायमच आपटतो की," फोल्के म्हणाला. "ही धून लागली की हमखास. मी वरून रोज ऐकतो. बशा वाजतात माझ्या."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" माझा आवाज फाटला. "चेंडू, वाळू, थडगं, धुलाईघर, एवढं झालं, आणि तू सांगितलं नाहीस?"

फोल्के दुखावला. "असं कसं सांगणार? माणसाची खासगी बाब आहे."

यव्होन खाली बघून म्हणाल्या, "मीसुद्धा एकदा जिन्यातून ऐकलं होतं. पण खासगी बाब म्हणून..." तेव्हा कळलं की आमच्या मजल्याची तब्येत सबंध घराला माहीत होती, फक्त मला नव्हती. मंगळवारी मी खिडकीशी पहाऱ्यावर उभा होतो, म्हणून सुई वाचली होती. खालच्या मशीनचा काही संबंधच नव्हता.

टागेनं सूत्रं हाती घेतली. सगळ्यांनी पाय उचलायचे! साठी-सत्तरीची माणसं सोफ्यावर, खुर्च्यांवर पाय अधांतरी धरून बसली. तबकडी लागली. मीही पाय उचलून बसलो, तर वेग वाढायच्या आधीच माझी खुर्ची कुरकुरू लागली. टागेनं झटक्यात सुई उचलली. "पाय नाही तर हा कंबरेनं ठेका धरतो," तो म्हणाला. "याला काढा." पाय बांधायची सूचना आली. दवाखान्यातल्या एका बाईनं भूल देण्याबद्दल विचारलं, आणि ती थट्टा करत नव्हती.

"हिल्डिंग," मायवोर म्हणाली, "तू खाली जाशील का? फक्त एकदा."

शब्द मी दिला होता, की तिला शेवटपर्यंत ऐकवीन. मी तिथे असेन असा शब्द दिला नव्हता. मी फोल्केकडून किल्ली घेतली. जिना लाकडाचा, तिथे उभं राहायची मला बंदी झाली. काँक्रीट होतं ते एकाच ठिकाणी.

धुलाईघरात मोज्यांना फरशी गार लागली, म्हणून मी पाय वर घेऊन मशीनवर जाऊन बसलो. माझ्या घरात समारंभ चालू होता आणि मी पाटीखाली बसलो होतो. मला स्वतःची खूप कीव आली. मग वर सुरू झालं. अॅकॉर्डियन इतक्या खाली येत नव्हतं. बारीक आवाज सगळे वरच राहिले. तुळयांतून खाली आलं ते फक्त एकच, धप्, धप्. आजवर मी जे चेंडूंनी, वाळूनं, एलोफनं दाबायला बघत होतो तेच. ते एकटं ऐकल्यावर लगेच कळलं. मजला असा वाजत नाही. धून चढली तसा तो वेग घेऊ लागला, एका जागी जरा अडखळला, पुन्हा जोरात आला. तो माणूस होता. बंदरावरच्या जाड बुटातला पाय, स्टुडिओच्या जमिनीवर आपटणारा. अनुनाद कसला, ते माझे सासरे होते!

मी पाय खाली सोडला आणि त्यांच्याबरोबर आपटला. काँक्रीटला काय फरक पडतो? दोघांनी मिळून ती धून संपवली. वर पाय थांबला. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग टाळ्या.

बऱ्याच वेळानं मायवोर केकचा तुकडा घेऊन आली. डोळे लाल होते. ती शेजारच्या मशीनवर चढून बसली.

"बोलले?" मी विचारलं.

"बोलले. रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाले, 'झालं ना? मग मी निघतो. पोरगी झोपायची थांबली असेल.'" तिनं नाक पुसलं. "मी खरंच थांबायचे रे. खिडकीत."

मी केक तिच्याकडेच सरकवला.

"आणि ते धप् धप् काढून टाकायला टागेकडे नवी युक्ती आहे म्हणे," ती म्हणाली.

"त्याला हात लावू देऊ नकोस. तो बाबांचा बूट आहे."

मायवोर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली, आणि ती धून हळूच गुणगुणायला लागली, तोंडात कोळंबी असतानाच. मी खाली पाहिलं. तिचा पाय मशीनच्या पत्र्यावर आपटत होता. ठेका पक्का, जोर माझ्यापेक्षा जास्त. आणि मला एकदम आठवलं, की दर वेळी सुई उडाली तेव्हा, आजचा दिवस सोडला तर, ती माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसलेली असायची. मंगळवारी तेवढी ती कामावर होती.

मी तिला काहीही बोललो नाही. खासगी बाब आहे.